टीसीएलच्या गोणीमागचा इतिहास



पाऊस लागला की माझ्याकडे दोन प्रकारच्या बातम्या हमखास येतात. एक ठरलेली. अमुक वाडीत गॅस्ट्रोची साथ, इतके रुग्ण दाखल, आरोग्य पथक गावात तळ ठोकून, पाण्याचे नमुने तपासणीला. दुसरी बातमी पेपरात फारशी येत नाही, पण कानावर येते. बाथरूम घासता घासता बाईला एकदम ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, छातीत जळजळ, दवाखान्यात न्यावं लागलं. पहिल्या बातमीत ब्लीच कमी पडलेलं असतं नाहीतर मेलेलं असतं. दुसऱ्या बातमीत ते भलत्याच वस्तूशी गाठ घालून दिलेलं असतं.

म्हणून आज ब्लीचवर लिहितोय. दहावीत आपण ज्याला विरंजक चूर्ण म्हणून पाठ केलं, ग्रामपंचायतीत ज्याला टीसीएल म्हणतात, दुकानात ब्लीचिंग पावडर म्हणून किलोवर मिळतं आणि पांढरे कपडे उजळवायला छोट्या बाटलीतून येतं, ते सगळं एकाच घराण्यातलं. बाटलीवरच्या बारीक अक्षरातल्या सूचना कुणी वाचत नाही. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक सूचना कुणीतरी कुठेतरी किंमत मोजून शिकलेली आहे. ती कुठून आली हे कळलं की लक्षातही राहते.

सुरुवात कपड्यांपासून. युरोपात अठराव्या शतकापर्यंत तागाचं कापड पांढरं करायचं म्हणजे महिनोन् महिन्यांचं काम होतं. राखेच्या खारात उकळायचं, मग मैलभर कुरणात गवतावर उन्हात पसरून ठेवायचं, मग आंबट ताकात भिजवायचं, पुन्हा पसरायचं. आपल्याकडे परीट मंडळी भट्टी लावून, खार घालून, नदीकाठी वाळत टाकायची, तसाच प्रकार. फक्त तिकडे ऊन कमी, त्यामुळे वेळ जास्त. कापड गिरणीतून भराभर निघायला लागलं आणि कुरणं पुरेनाशी झाली.

१७७४ साली कार्ल शीले नावाच्या स्वीडनमधल्या एका औषधविक्याने खनिज मँगनीजवर मीठाचं आम्ल ओतलं. मीठाचं आम्ल म्हणजे आपण फरशीचे डाग काढायला आणतो तेच ॲसिड. त्यातून पिवळट हिरवा, घसा धरणारा वायू निघाला. शीलेने लिहून ठेवलं की या वायूने पानाफुलांचा रंग उडतो. पुढे १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने त्याला क्लोरीन नाव दिलं, ग्रीक भाषेत फिकट हिरवा अशा अर्थाच्या शब्दावरून. ॲसिडमधून क्लोरीन सुटतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. बाथरूमची बातमी इथेच दडलेली आहे.

रंग उडतो म्हटल्यावर फ्रान्सच्या बर्थोलेने तो कापडावर वापरून पाहिला. वायू तसाच वापरणं म्हणजे कामगारांचे हाल. म्हणून तो पोटॅशच्या पाण्यात मुरवला आणि पॅरिसजवळच्या जावेल गावात १७८९ च्या सुमारास हे पाणी तयार होऊ लागलं. फ्रान्समध्ये ब्लीचला आजही जावेलचं पाणी म्हणतात. मग ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये खरी कमाल केली. हा वायू त्याने विरलेल्या चुन्यात मुरवला. कोरडी पांढरी पावडर तयार झाली, पिंपात भरून कुठेही पाठवता येईल अशी. महिन्यांचं काम दिवसांवर आलं. टेनंटचा कारखाना पुढे जगातला सगळ्यात मोठा रसायन कारखाना म्हणून ओळखला गेला. आपल्या ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात पडलेली गोणी ही याच टेनंटच्या पावडरीची पणती. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. उष्ण मुलखात पावडर लवकर दम सोडते, म्हणून जास्तीचा चुना घालून टिकाऊ केलेला तिचा प्रकार. नावातच हवामानाची अडचण लिहिलेली आहे, आणि आपण ती गोणी पत्र्याच्या खोलीत तोंड उघडं टाकून ठेवतो!

इथपर्यंत सगळं कापडाचं. रोगाशी त्याचा संबंध जुळला तो वासामुळे. पॅरिसमध्ये जनावरांची आतडी सोलून तार आणि पडदे करणारे कारखाने होते, तिथे दुर्गंधीने उभं राहवत नसे. १८२० च्या सुमारास लाबाराक नावाच्या औषधविक्याने तिथे क्लोरीनचं पाणी वापरलं आणि सडका वास गेला. तेव्हा जंतू कुणाला ठाऊक नव्हते. वासच रोग आणतो अशी समजूत होती. म्हणजे उपाय बरोबर, कारण चुकीचं. पण त्या चुकीच्या कारणाने पुढे हजारो बायका वाचल्या.

ती गोष्ट व्हिएन्नाची. तिथल्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात शिकाऊ डॉक्टर बाळंतपण करायचे, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरायच्या. शहरात ही गोष्ट इतकी माहीत होती की बायका त्या विभागात जायला नको म्हणून गयावया करायच्या. इग्नाझ सेमेलवाइस हा तिथला हंगेरीचा तरुण डॉक्टर. मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीने जखमी झाला आणि वारला. त्याच्या शरीरातल्या खुणा बाळंतिणींच्या शरीरात दिसत तशाच होत्या. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टर सकाळी मुडदे फाडतात आणि त्याच हातांनी बाळंतपण करतात. सुईणी मुडद्याला हात लावत नाहीत.

साबणाने हात धुतले तरी हाताला वास उरायचा. वास घालवायला काय वापरतात? क्लोरीनचं पाणी. मे १८४७ मध्ये त्याने दारात भांडं ठेवलं आणि हात त्यात घासल्याशिवाय आत यायचं नाही असा नियम केला. आधी क्लोरीनचं पाणी होतं, ते महाग पडलं म्हणून मग ब्लीचिंग पावडरचं द्रावण आणलं. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या १८ बायका दगावत होत्या. जूनमध्ये तो आकडा २ च्या आसपास आला, जुलैत १.२.

बरं, पुढे काय झालं? मोठ्या डॉक्टरांना हे पचलं नाही. आमचेच हात मारतात म्हणजे काय! सेमेलवाइसही तोंडाचा फटकळ, समजावण्यापेक्षा भांडणं जास्त. त्याची नोकरी गेली, १८६५ मध्ये वेड्यांच्या दवाखान्यात जखम चिघळून तो मेला. बाळंतिणींना ज्या तऱ्हेच्या विषबाधेने मरताना त्याने पाहिलं, तशीच. आपल्याकडे कुणी ग्रामसभेत उठून विहिरीजवळचा उकिरडा दाखवला की त्याच्याशी काय वागतात, ते आठवा.

या गोष्टीतलं एक मात्र घरात उपयोगी आहे. त्याने क्लोरीन लावायच्या आधी हात साबणाने धुवायला लावले होते. ब्लीच घाणीशी लढण्यात संपून जातं. शेण, चिखल, तेलकटपणा, रक्त, ओकारी यावर थेट ओतलं तर त्याची सगळी ताकद वरच्या थरातच खर्च होते आणि खालचे जंतू सुखरूप राहतात. आधी पुसा, धुवा, घासा, मग ब्लीच. पूर ओसरल्यावर घरातल्या वीतभर गाळावरच पावडर भुरभुरतात, त्याचा उपयोग जवळपास शून्य. गाळ काढायचा, पाण्याने धुवायचं, आणि मग द्रावणाने पुसून १० मिनिटं ओलं राहू द्यायचं. लगेच कोरडं पुसलं तर तेही वाया. दहा मिनिटं थांबण्याचा कंटाळा हेच आपल्या स्वच्छतेचं खरं दुखणं आहे.

आता पाण्याकडे येतो. इंग्लंडमधल्या मेडस्टन गावात १८९७ साली टायफॉइडची मोठी साथ आली, तेव्हा गावाच्या नळाच्या वाहिन्या ब्लीचिंग पावडरने धुऊन काढल्या. पण रोज पिण्याच्या पाण्यात रसायन घालायचं म्हणजे लोकांना विष घातल्यासारखं वाटे. अमेरिकेत जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीवर शहराने खटला भरला होता की पाणी शुद्ध नाही. कंपनीचे सल्लागार डॉक्टर जॉन लील यांनी २६ सप्टेंबर १९०८ पासून कुणाला न विचारता सगळ्या शहराच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायला सुरुवात केली. मग कोर्टात उभं राहून सांगितलं की हो, मी घालतो. कोर्टाने शेवटी त्यांच्या बाजूने निकाल दिला. लोकांना न सांगता हे करणं बरोबर होतं का, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला ते पटत नाही. पण काही वर्षांत अमेरिकेतली शहरंच्या शहरं क्लोरीन वापरू लागली आणि टायफॉइड झपाट्याने उतरला, हेही खरं.

लीलचं यश पावडरीत नव्हतं, मापात होतं. दहा लाख भाग पाण्यात एखादा भागही नाही, इतकं कमी क्लोरीन. पण सतत, प्रत्येक घोटात.

हेच माप बिघडलं की काय होतं ते सात वर्षांनी दिसलं. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी दीडशे टनांहून जास्त क्लोरीन नळकांड्यांतून वाऱ्यावर सोडला. पिवळा हिरवा ढग जमिनीला घासत खंदकांत उतरला. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली बसतो. चारच दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन त्याच रणात उतरली. जमादार मीर दस्त यांनी गॅस छातीत घेऊन जखमी साथीदारांना बाहेर काढलं, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि त्याच युद्धात, तोच क्लोरीन, हेन्री डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने अर्ध्या टक्क्याच्या सौम्य द्रावणात जखमा धुवायला दिला. ब्रिटिश लष्करातल्या हॉरॉक्स या डॉक्टरने एक पेटी बनवली. तिच्यातल्या सहा पांढऱ्या कपांनी कळायचं की या पाण्याला किती पावडर लागेल. ती पेटी आपल्या आरोग्य खात्याच्या पुस्तकांत आजही आहे. एका युद्धात एकच पदार्थ शस्त्रही झाला, मलमपट्टीही झाला आणि पाण्याचा राखणदारही.

तर बाथरूमकडे वळतो. टाइल्सला पांढरे डाग असतात म्हणून बाई आधी ॲसिड ओततात किंवा ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर. डाग जात नाहीत म्हणून वर ब्लीच टाकतात. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या तर दुप्पट चांगलं होईल, हा आपला स्वयंपाकघरातला हिशेब. इथे उलटं होतं. ॲसिड लागताच ब्लीचमधला क्लोरीन मोकळा होतो. शीलेच्या काचपात्रात निघाला तोच, ईप्रच्या खंदकात उतरला तोच. फरक फक्त प्रमाणाचा. आणि चार बाय सहाचं बाथरूम, वर एक छोटा झरोका, दार लावलेलं, बाई खाली उकिडवी बसून घासतेय, वायू जड असल्यामुळे नेमका तिच्या तोंडाच्या उंचीला. याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. व्हिनेगर, लिंबाची पावडर हेही आम्लच. अमोनिया असलेले क्लीनर मिसळले तर वेगळा पण तितकाच त्रासदायक वायू निघतो. लघवी साचलेल्या मुतारीत ब्लीच ओतल्यावर जो उग्र दर्प येतो तो त्याचाच भाऊ. म्हणून तिथे आधी भरपूर पाणी.

साधा नियम, ब्लीचमध्ये पाण्याशिवाय काही मिसळायचं नाही. ॲसिड वापरायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी. चुकून ठसका लागलाच तर काय झालं ते बघत तिथे थांबू नका. बाहेर या, मोकळ्या हवेत बसा, दारं उघडी टाका. श्वासाला त्रास वाटला तर डॉक्टरकडे जा, कारण तासा-दोन तासांनी त्रास वाढूही शकतो. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा, गुलाबपाणी वगैरे नाही. आणि हात जोडून सांगतो, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ब्लीच भरून ठेवू नका. घरात पोरं असतात.

माप विचारणारे बरेच असतात म्हणून लिहितो. बाटलीवर ५ टक्के असं छापलेलं असेल तर एक लिटर पाण्याला २० मिली, म्हणजे चहाचे चार चमचे. हे ०.१ टक्क्याचं द्रावण फरशी, ओटा, दाराच्या कड्या यांना पुरतं. घरात जुलाबाचा पेशंट असेल, संडास-बाथरूममध्ये घाण सांडली असेल, तर ती आधी उचलून पाचपट कडक करा, लिटरला १०० मिली. ताजी ब्लीचिंग पावडर असेल तर १० लिटरच्या बादलीला ३० ग्रॅमचं पहिलं द्रावण होतं. गार पाणी घ्या, गरम पाण्यात दम निघून जातो. प्लॅस्टिकची बादली, हातात रबरी मोजे, द्रावण त्याच दिवशी संपवायचं. ओट्यावर वापरलं तर नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या. पैठणीला, लोकरीच्या शालीला लावाल तर रंगच नाही, धागाही जाईल.

आता थोडं कडू. जंतुनाशक हे सरकारी कारभारात नेहमीच दिखाव्याचं साधन झालेलं आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतलं. पुढल्या वर्षी पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घराघरात शिरले, घरं जंतुनाशकाने धुतली, सामान जाळलं. त्याचा शेवट गणेशखिंडीत काय झाला ते आपल्याला पाठ आहे. प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे, आणि हे पॉल लुई सिमोंने कराचीत १८९८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे भिंती धुतल्या, माणसं नागवली आणि पिसू मोकळी राहिली.

सव्वाशे वर्षांनी काय बदललं? मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीला गावाकडे परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर ब्लीचचा फवारा मारला गेला. बायका, पोरं, सगळे. पुढे १८ एप्रिलला केंद्राच्या आरोग्य खात्याला पत्रक काढून सांगावं लागलं की माणसांवर फवारू नका, डोळ्यांना, कातडीला, श्वासाला इजा होते आणि आतल्या विषाणूला काही होत नाही. तरी ठिकठिकाणी फवारणीचे बोगदे उभे राहिलेच, फीत कापून. आपल्या भागात मंत्र्यांचा दौरा असला की रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ ओढली जाते. कधी चुना, कधी टीसीएल. त्या रेघेने एकही जंतू मरत नाही. वाहनं गेली की पावडर लोकांच्या नाकात. तीच पावडर विहिरीत योग्य मापाने पडली असती तर वाडीचा आठवडा सुखात गेला असता.

किती पडली असती? हिशेब करू. तीन मीटर व्यासाची विहीर, पाणी चार मीटर खोल. व्यासाचा वर्ग ९, गुणिले ३.१४, भागिले ४, गुणिले ४. साधारण २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. ताज्या पावडरीचं ढोबळ माप हजार लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे ७० ग्रॅम! पावसाळ्यात पाणी गढूळ, म्हणून दुप्पट धरा, १४० ग्रॅम. दोन मुठी. आपल्याकडे एक तर महिनाभर काहीच पडत नाही, नाहीतर साथ आल्यावर घमेलंभर ओततात, मग पाण्याला वास येतो आणि बाया ओढ्याचं पाणी भरायला जातात. साथ आणखी पसरते. पावडर थेट फेकायचीही नसते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्यात सोडून ढवळायची. चुन्याचा साका खड्ड्यात. तासभर कुणी पाणी भरायचं नाही. मग ओटी टेस्ट, नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. पिवळं झालं नाही तर पाणी जास्त घाण आहे किंवा पावडर मेलेली आहे.

मेलेली पावडर हा खरा प्रश्न. चांगल्या पावडरीत ३३ टक्के कामाचा क्लोरीन असतो. हवा, ओल, ऊन लागलं की तो उडून जातो आणि मागे उरतो तो चुना. दिसायला तीच पांढरी पावडर, रजिस्टरला तीच नोंद, "टीसीएल टाकले". जलसुरक्षकाला बिचाऱ्याला मानधन किती आणि कधी मिळतं हा वेगळा विषय आहे, त्याच्यावर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही. गोणी कधी आली, तोंड बांधून झाकणाच्या पिंपात ठेवली का, शेवटची तपासणी कधी झाली, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. नाक लावून बघितलं तरी अंदाज येतो, ताज्या पावडरीला झणझणीत वास असतो.

तुमच्या वाडीच्या विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजून मला कळवा. हिशेब मी मांडून देतो. मात्र विहिरीत काही टाकण्याआधी आरोग्य सेवकाकडून पावडर आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. गावाचं नाव लिहायला विसरू नका.